जिताड्याला आमंत्रण

लग्नानंतर फिरायला कुठे गेलात, असं विचारलंत म्हणून सांगते. कोकणात गेलो. मी, हे आणि सासरे, म्हणजे आबा.

यांना समुद्रातला जिताडा मासा धरायचा होता, तोही खरं आमिष न लावता, गळ अडकवलेल्या प्लास्टिकच्या माशाने. त्यासाठी दोन महिने पिंप्राळ्यात आमच्या गच्चीवर सराव झाला. त्यात शेजारच्या काकूंची वाळत घातलेली साडी दोनदा लागली.

तीन दिवस हे खडकावर उभे होते. चौथ्या दिवशी भरतीला खरंच जिताडा लागला, चांगला हातभर. तेवढ्यात आबा उठून जवळ आले. आबा मूळचे धुळ्याकडचे. दारी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. त्यांनी माशाच्या तोंडातलं प्लास्टिक निरखून पाहिलं.

"जेवाले बलाडीसन प्लास्टिक वाढं का रे त्याले?"

"आबा, मासा आहे तो."

"पाव्हना शे. सोडी दे. फसाडीसन आनेल पचत नही."

यांचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच सांग. जरा चमकदार काही दाखवून जवळ बोलावलं, तर त्याला फसवणं म्हणतात का?"

मी फार बोलत नाही. पण विचारलंच होतं.

"नसतील म्हणत," मी म्हटलं. "माझे वडील तुमचं घर बघायला आले, तेव्हा दारात काकूंचीच गाडी आपली म्हणून उभी होती ना."

आबा समुद्राकडे बघू लागले. यांनी गळ काढून जिताडा पाण्यात सोडला.

मग आम्ही तिघं एसटी स्टँडकडे चालत निघालो.