पंधराव्या होलचा एक फटका

जबाब देणार: तुळशीदास भिकाजी वैती, वय ३४ वर्षे, धंदा गोल्फ खेळणे व शिकवणे, पूर्वी कॅडी. राहणार कोळीवाडा, भांडुप पूर्व, मुंबई ७८.
दिनांक १७ फेब्रुवारी १९७४, रविवार.

मी वर नाव लिहिलेला इसम पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी मुलुंडच्या डोंगराखालच्या गोल्फ क्लबात लहानपणापासून आहे. आधी साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे चालत असे. पुढे मलाच खेळ येऊ लागला आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून मान्यता मिळाली. तरी क्लबाच्या इमारतीत आम्हाला जाता येत नाही. आमची जागा मागच्या फाटकाजवळ चिंचेखाली. यंदाच्या व्यावसायिकांच्या स्पर्धेत आमच्यापैकी जो वरचा नंबर काढील त्याला शिकवणाऱ्याची कायम नोकरी द्यायची, असे क्लबाने जाहीर केले होते. आज स्पर्धेचा शेवटचा दिवस होता.

माझ्या जोडीला बाळा धोंडू गवस होता. तो मूळचा सावंतवाडीकडचा, भांडुपला आमच्या शेजारच्या चाळीत राहतो. आम्ही दोघे एकाच वर्षी फाटकाशी उभे राहू लागलो. आज त्याचा खेळ बसला नव्हता, त्याला नंबराची आशा नव्हती.

हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून खुलासा करतो. ह्या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि पंच बरोबर फिरत नाही. जोडीतले दोघे एकमेकांचे कार्ड लिहितात, कोणत्या होलला, म्हणजे बॉल खड्ड्यात घालायला, किती फटके लागले ते. शेवटी लिहिणारा सही करतो, ज्याचा खेळ आहे तो तपासून सही करतो आणि कार्ड कमिटीच्या टेबलावर जाते. बेरीज चुकली तर कमिटी सुधारते. पण एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त लिहिला गेला तर तो तसाच धरतात, आणि कमी लिहिला गेला तर खेळाडू बाद. हवालदारसाहेबांनी हे दोनदा विचारले. दोनदा विचारून नियम बदलत नाही, तो असाच आहे.

आम्ही कॅडीतून वर आलेले लोक मात्र कार्ड तपासत नाही. होल संपला की आपला आकडा तोंडाने बोलायचा, जोडीदाराने तो परत बोलायचा, विषय संपला. टेबलाशी सगळ्यांसमोर कार्ड निरखून बघणे म्हणजे आपल्याच माणसाला चोर म्हणणे. क्लबाचे सेक्रेटरी गुप्तेसाहेब यावरून दर वर्षी ओरडतात. आम्ही माना डोलावतो आणि न बघता सही करतो.

पंधराव्या होलला माझा बॉल सुक्या गवतात होता. मारण्यापूर्वी मी काठी टेकवली आणि बॉल हलला. हरभऱ्याएवढा हलला असेल. कोणी पाहिले नाही. नियमाने एका फटक्याचा दंड लागतो. मी बाळाला हाक मारून सांगितले की बॉल हलला रे, एक वाढव. होल संपल्यावर मी पाच बोललो, तो पाच बोलला.

खेळ संपल्यावर सह्या झाल्या. मी बाजूला होऊन चहा घेतला. तेवढ्यात फळ्यावर नावे लागली. माझे नाव पहिले होते. पोरांनी मला खांद्यावर घेतले. तिथून मी आकडा नीट वाचला, तो एकाने कमी होता. पंधराव्याचा दंडच राहिला, हे ध्यानात आले. खरा आकडा धरला असता तरी मी दोन फटक्यांनी पुढेच होतो, हे लिहून घ्यावे. त्याचा आता काही उपयोग नाही, तरी लिहावे.

माझा धाकटा भाऊ चंदू, वय २२, माझी पिशवी उचलत होता. तो म्हणाला की गप्प बस, आयती लक्ष्मी आली आहे. मी ऐकले नाही. टेबलाशी जाऊन गुप्तेसाहेबांना म्हटले की पंधराव्याला चार लिहिले गेले आहेत, पाच करा. त्यांनी विचारले, खाली सही तुझीच ना. मी हो म्हणालो. त्यांनी मला बाद केले. मी म्हणालो, "साहेब, मी काय चोरी करतोय? माझाच तोटा सांगतोय ना." ते म्हणाले की नियम माझ्या घरचा नाही, तू बोलला नसतास तर मला कळलेही नसते. त्यांचे डोळे भरले होते. तरी मला त्यांचा राग आला आणि अजून आहे. नोकरी दोन नंबरच्या माणिकला लागली. माणिक चांगला मुलगा आहे.

त्यानंतर मी चिंचेखाली बाळाला गाठून विचारले की पाच बोलून चार कसे लिहिलेस. तो म्हणाला, "कोणीच बघूक नाय होता. तुका नोकरी गावांदे म्हणान लिवलंय नाय." म्हणजे मला नोकरी मिळावी म्हणून त्याने दंड मुद्दाम लिहिला नाही. त्याच्या सहीखाली मी न बघता सही केली, ती त्याच्यावर विश्वास म्हणून. आणि त्याने केले तेही माझ्या भल्यासाठी. दोघांनी मिळून वाट लावली.

बाळाला मी मारलेले नाही. मारावेसे वाटले नाही असे मात्र नाही. चंदूने माझ्या पिशवीतली लोखंडी काठी ओढून त्याच्यावर उगारली. बाळाने हात आडवा घातला, तेव्हा फटका उजव्या मनगटावर बसला. मी काठी हिसकावून घेतली व बाळाला टॅक्सीत घालून म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नेले. डॉक्टर म्हणाले की हाड दोन ठिकाणी मोडले आहे, यापुढे काठी पूर्वीसारखी धरता येणार नाही. तिथून पोलिसांत कळवल्यावर मला येथे आणले.

बाळा हॉस्पिटलात सांगतो आहे की तो पायरीवरून घसरला. ते खोटे आहे. आज एकाच दिवसात तो दुसऱ्यांदा माझ्यासाठी खोटे सांगतो आहे आणि मला ते नको आहे. हवालदारसाहेब म्हणाले की जखमी माणूसच पडलो म्हणतो तर तू सख्ख्या भावाला कशाला गुंतवतोस. मी म्हणालो, झाले ते लिहा. घरी आई अंजनाबाई वाट बघत आहे. तिला काय सांगणार ते मला माहीत नाही.

जबाब वाचताना एका जागी "झटापटीत लागले" असे आढळले. मी "चंदूने मारले" असे सांगितले होते. हवालदारसाहेबांनी ते खोडून दुरुस्त केले व बाजूला सही केली. मी विचारले की माझी सही झाल्यावर चूक सापडली तर काय करायचे. ते म्हणाले, "ये की परत. पुरवणी जबाब घेऊ. माणूस आहे, चुकणारच."

सहीनंतरही चूक दुरुस्त होते, हे ऐकून मला रडू आले. भावासाठी रडतोस का, असे त्यांनी विचारले व मी हो म्हणालो. ते पूर्ण खरे नाही, म्हणून तेही येथे लिहून घेण्यास सांगितले.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. नंतर मी तो हातात घेऊन ओळ न ओळ स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मग सही केली.

तुळशीदास भिकाजी वैती