आदिनाथचा मोटिव्ह

— पोराचा मोटिव्ह सांग म्हन्तो! आरं फौजदारा, स्वताच्याच फोटूला काडी लावली पोरानं, त्याचा कसला मोटिव्ह? — आसं तोंडावर बोलायचं हुतं, वकीलसाहेब, पन हवालदारानं मागून गचांडी धरली. मी म्हन्लं, ते तर शिरूरच्या अकॅडमीत सर रोज देत हुते, पहाटं पहाटं, भोंगा लावून — "पळा वाघांनो, आयबापाचं तोंड आठवा!" तर हसला भाड्या फौजदार. म्हन्तो, ते मोटिवेशन, येड्या, मोटिव्ह येगळा. — काय येगळा? तुमी आत्ता सांगितलं तेच ना? मोटिवेशन मानसाला पळवतंय, आन् मोटिव्ह म्हंजे गुन्हा कावून केला ते. बरं. मंग माझ्या आदिनाथला पळवलं कुनी आन् काडी लावायला लावली कुनी?

फ्लेक्स मीच लावलता, व्हय. पोलीस भरतीच्या ग्राउंडला पयला आला — मला वाटलं झालं काम. आमच्याकडं ग्राउंड मारलं की लावतेतच फ्लेक्स. लेखी बाकी हाय हे कोन बगतंय? लेखीत नापास झाला. आन् फाट्यावर हा एवढाला फोटू, अंगात वर्दी — ती फ्लेक्सवाल्यानंच चढवली — "पोलीसपदी निवड, हार्दिक अभिनंदन". पोरगं सकाळी त्याच्याच खालून पळायचं. हाटेलावरची टवाळ बसलेलीच — "काय बे फौजदार, ड्युटी कुठं लागली?" पाया पडला माझ्या. बाबा, काढा ते. मी म्हन्लं, ऱ्हाऊ दे बे. पुढच्या भरतीत लागंल नाव, तवर त्याच्याकडं बगून जरा चेव येईल तुला —

 

मंग पेटवला त्यानं. वारं सुटलं, बाजूच्या आप्पारावची कडब्याची गंज जळून गेली, आन् आता केस. नावावर केस चढली की भरती संपली, जलमाची — तुमीच म्हन्ला. आत्ता भेटलो तर गजाआडून म्हन्तो कसा, "बाबा, बरं झालं. आता पळायचं न्हाई." हसत म्हन्ला हो. लई दिसांनी हसला.

तसं बगू नका माझ्याकडं. कागूद काढा. बापानं पेटवलं म्हून लिवा. — त्यानं कबूल केलंय? गावानं बगितलंय? बगितलं आसंल. तुमी लिवा.