टक्कल असलेलीच हवी

गेझीना : ही नको. पाय निळे हवेत आणि पोट केशरी.

फोल्कर्ट : बाई, जरा दम घ्या. सभागृह पाचपर्यंत उघडं आहे आणि माझ्या डब्यांतला एकही कोळी पळून जात नाही. पहिलीच टॅरंटुला ना तुमची?

गेझीना : पहिलीच. अगदी नवखी आहे मी.

फोल्कर्ट : मग हीच बघा नीट. काळी कुळकुळीत आणि गुडघ्यांवर नारिंगी पट्टे. स्वभावानं गरीब गाय. झाकण उघडलं तरी जागची हलत नाही. नवख्याला याहून चांगली नाही.

गेझीना : गुडघ्यांचं काय घेऊन बसलात हो! निळे पाय म्हटलं मी.

फोल्कर्ट : निळ्याचं वेडच लागलंय सगळ्यांना. ती पलीकडची बघा, अंगभर निळी.

गेझीना : तिचं पोट केशरी नाही.

फोल्कर्ट : नाही, आणि मी ती तुम्हाला विकणारही नाही. झाकण उघडायचा अवकाश, बाहीतून थेट काखेत. चावली तर आठवडाभर हात आखडतो. नवखे लोक रंगावर भाळतात आणि महिन्याभरात मला फोन करतात, कपाटामागे गेलीय, आता काय करू? मी सांगतो, कपाट सोडा, घर बदला.

गेझीना : किती वाजले?

फोल्कर्ट : पावणेअकरा. गाडी चुकतेय का तुमची?

गेझीना : माझी नाही. ते बघा, त्या कोपऱ्यात! तीच ती. हिरवट पाठ, निळे पाय, केशरी पोट. द्या बांधून.

फोल्कर्ट : तीस युरो. पण तो नर आहे, वयात आलेला. माद्या पंधरा-पंधरा वर्षं काढतात, नर बिचारा नाताळपर्यंत टिकला तर नशीब.

गेझीना : नाताळपर्यंत पुरे.

फोल्कर्ट : पुरे? पाळायला नेताय की भाड्यानं?

गेझीना : बरं, नर-मादी लांबून ओळखू येतात का हो?

फोल्कर्ट : जाणत्याला दारातूनच कळतं. हा बघा ना, नुसत्या टांगाच टांगा.

गेझीना : मग नको. मादी दाखवा. मोठी, माझ्या तळहाताएवढी.

फोल्कर्ट : मोठी मादी मी टेबलावर मांडत नाही, लोक बोटांनी काचा वाजवतात. थांबा... ही घ्या. सहा वर्षांची. रंगीत हवी पण अंगावर येणारी नको, अशा माणसासाठी हिच्याइतकी चांगली मिळणार नाही. जाळं भरपूर विणते, पोटभर खाते. आवडली?

गेझीना : अगंबाई. हुबेहूब. फक्त... टक्कल नाही हिला.

फोल्कर्ट : काय नाही?

गेझीना : टक्कल. पोटावर, मागच्या बाजूला. वाटाण्याएवढं, जरा डावीकडे.

फोल्कर्ट : बाई, पस्तीस वर्षं मी या जत्रांतून टेबल मांडतोय. बिथरली की मागच्या पायांनी केस झाडते आणि टक्कल पडतं, हे पाळणाऱ्यालाच ठाऊक असतं. नवखा माणूस केसाळ मागतो. टक्कलवाली मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

गेझीना : करता येईल का? म्हणजे, रेझरनं वगैरे?

फोल्कर्ट : रेझरनं! हात मागे घ्या आधी. आता खरं सांगा, कुणाच्या जागी ठेवणार आहात हिला?

गेझीना : कुणाच्या म्हणजे?

फोल्कर्ट : सांगणार नसाल तर डबा टेबलाखाली गेला.

गेझीना : नका हो असं करू! माझ्या मुलीची आहे. होती. फेन्या नाव तिचं. सहा महिन्यांपूर्वी कील शहरात नोकरीला गेली, ती भांडूनच. मीच म्हणाले होते, या घरात एक तर ही अवदसा राहील नाहीतर मी. ती म्हणाली, बरं, खोली मिळाली की लीसबेटला घेऊन जाते, मग तुझं घर तुला. लीसबेट म्हणजे ती कोळीण. आज येतेय दुपारच्या गाडीनं, तिला न्यायला.

फोल्कर्ट : आणि लीसबेट मेली.

गेझीना : गुरुवारी सकाळी. मी काही केलं नाही हो! शपथेवर सांगते. वेळेवर पाणी दिलं, डोळे मिटून का होईना, पण चिमट्यानं नाकतोडेसुद्धा टाकले. पण फेन्याला पटेल का? तिला वाटणार, आईनंच मारलं. मग पोरगी पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवायची नाही. नवरा गेला माझा, एकुलती एक आहे ती.

फोल्कर्ट : मेली हे कशावरून ठरवलंत?

गेझीना : आता त्यात काय ठरवायचं? पेटीत मधोमध पडली होती. पाठीवर, आठही पाय वर करून.

फोल्कर्ट : पाठीवर?

गेझीना : उताणी. मी काचेवर टकटक केली, हूं नाही की चूं नाही. मला बघवेना. वर घोंगडी टाकली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

फोल्कर्ट : मग आत पाहिलंच नाहीत?

गेझीना : हिंमतच होईना.

फोल्कर्ट : अहो बाई, मेलेली कोळीण उताणी पडत नाही! मरते ती पालथीच, पाय पोटाखाली गोळा करून. पाठीवर पडते ती कात टाकायला!

गेझीना : कात? सापासारखी?

फोल्कर्ट : अगदी तशीच. एवढी मोठी झाली की वर्षातून एकदा वगैरे. पाठीवर लवंडते, चार-सहा तास मेल्यासारखी पडून राहते आणि जुन्या कातड्यातून पाय ओढून काढते. मुलीनं सांगितलं नाही तुम्हाला?

गेझीना : सांगत होती बिचारी, भांडणाच्या आधी. मी कान झाकून घेतले होते. म्हणजे ती... देवा! एन्नो!

फोल्कर्ट : आता हा एन्नो कोण?

गेझीना : माझा धाकटा दीर, शेजारच्याच गल्लीत राहतो. त्याला किल्ली देऊन आलेय मी. साडेदहाला येऊन पेटीतलं सगळं कचऱ्याच्या पिंपात ओत आणि पेटी उकळत्या पाण्यानं धुऊन ठेव, असं सांगून. नवीन आणून ठेवायची होती ना!

फोल्कर्ट : उकळत्या! लावा फोन. बघताय काय माझ्याकडे?

गेझीना : वाजतोय... वाजतोय... उचलत नाही. कधी नव्हे तो वेळेवर आला असेल मेला!

फोल्कर्ट : घर कुठलं तुमचं?

गेझीना : लेअर.

फोल्कर्ट : दीरही तिकडचाच?

गेझीना : तिथलाच जन्म.

फोल्कर्ट : मग आशा आहे. पाणी उकळायला ठेवलं म्हणजे आधी चहा केला असणार. आणि तुमच्याकडचा माणूस तिसरा कप संपल्याशिवाय खुर्चीतून उठत नाही. घरच्या फोनवर लावा.

गेझीना : लावतेय... हॅलो! एन्नो भावजी! कुठे आहात?

एन्नो : तुमच्या घरी, वहिनी. तुम्हीच तर पाठवलंत.

गेझीना : पेटीला हात लावलात का?

एन्नो : आत्ता कुठे दुसरा कप चाललाय. तुमच्याकडची खडीसाखर संपत आलीय, सांगून ठेवतो.

गेझीना : मरू दे ती साखर! उठा आधी. खोलीत जा आणि घोंगडी काढा. अलगद! काही ओतू नका, हलवू नका, हात घालू नका.

एन्नो : ओतायचं म्हणालात, आता ओतू नका म्हणता. एक काय ते ठरवा. जातो. किटली ठेवू दे खाली.

फोल्कर्ट : स्पीकरवर टाका, मलाही ऐकू दे.

गेझीना : काढली का हो?

एन्नो : काढली.

गेझीना : मग? बोला ना!

एन्नो : वहिनी, तुम्ही म्हणालात एक मेलीय.

गेझीना : हो.

एन्नो : इथे दोन आहेत.

फोल्कर्ट : अहो एन्नो, मी फोल्कर्ट, जत्रेतला कोळीवाला. मधोमध पडलीय ती कशी दिसते?

एन्नो : उताणी. फिक्कट, पोकळ. हातमोजा काढून टाकल्यासारखी. आणि दुसरी मागे जाळ्यात उभी आहे. निळीशार. माझ्याकडेच बघतेय की काय कोण जाणे.

फोल्कर्ट : पोकळ ती कात आणि निळी ती लीसबेट. दिवा बंद करा आणि हळूच बाहेर या. वाटीत पाणी आहे ना? मग बस. खायला काही टाकू नका, अजून दात मऊ असतील तिचे.

एन्नो : मी कशाला टाकतोय? मी चालतो तिसऱ्या कपाकडे. वहिनी, रडताय की काय?

गेझीना : नाही हो. ठेवा फोन. देव तुमचं भलं करो.

फोल्कर्ट : घ्या, नाक पुसा. स्वच्छ आहे कागद. चला, जिवात जीव आला ना? हुबेहूबवाली मी परत टेबलाखाली ठेवतो. आणि तुमचं टक्कलही गेलं हं! कात टाकली की नवे केस येतात. रेझर फिरवून ही नेली असती तर मुलीला हीच खरी वाटली असती, आणि खरीच आता निराळी दिसणार.

गेझीना : हसा, हसा. तुमचं काय जातंय?

(तिचा फोन वाजतो.)

गेझीना : तीच आहे. फेन्या. काय सांगू हो मी?

फोल्कर्ट : कात टाकली म्हणावं. बाकी काही सांगायची गरजच काय? काही घडलंच नाही.

गेझीना : हॅलो, बाळा.

फेन्या : आई, ब्रेमेनला गाडी बदललीय. दीडपर्यंत पोचते. मी न्यायचा डबा आणलाय, तेव्हा तुला कशाला हात लावावा लागणार नाही. मी येते, तिला घेते, निघते.

गेझीना : तिला नेता यायचं नाही.

फेन्या : सुरू झालं का तुझं पुन्हा?

गेझीना : तसं नाही गं. तिनं कात टाकलीय. गुरुवारी.

फेन्या : खरंच? मग आता दोन आठवडे तरी हलवता येणार नाही. पण तुला कसं कळलं? मी होते तेव्हा तर तू त्या खोलीत पाय ठेवत नव्हतीस.

गेझीना : कळलं नाही. मेली असं वाटलं मला. घोंगडी टाकली तिच्यावर आणि दोन दिवस आत गेले नाही. आणि आत्ता मी कुठे आहे ठाऊक आहे? कोळ्यांच्या जत्रेत. तशीच दुसरी विकत घेऊन तुला तीच म्हणून द्यायला आले होते.

फोल्कर्ट : बाई, बाई, कशाला एवढं...

फेन्या : कोण आहे तिथे? तू मला फसवणार होतीस?

गेझीना : हो.

फेन्या : टक्कल बघितल्याबरोबर ओळखलं असतं मी.

गेझीना : टक्कलवालीच मागत होते. या गृहस्थांना विचार.

फेन्या : आई! तुला टक्कल माहीत होतं? डावीकडचं?

गेझीना : न माहीत असायला काय झालं? रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसायचे मी. सुरुवातीला दारातून, मग खुर्ची आत नेली. तू फोन उचलायची नाहीस. बोलायला होतं कोण घरात? आज बाजारात काय झालं, एन्नो काय म्हणाला, सगळं तिलाच सांगायचे.

फेन्या : मला का नाही सांगितलंस?

गेझीना : कुठल्या तोंडानं सांगू? मीच तर म्हणाले होते ना, ती नाहीतर मी. ऐकतेयस ना? फेन्या?

फेन्या : ऐकतेय.

गेझीना : रागावलीस?

फेन्या : रागावलेय. पण दुसरीच आणून ठेवली असतीस तर याहून जास्त रागावले असते. आता मी काय करू? रिकामा डबा घेऊन यायचं आणि रिकामाच घेऊन जायचं? सोमवारी कामावर जायचंय मला.

गेझीना : मग सोमवारी पहाटेच्या गाडीनं जा. आणि पुढच्या शनिवारी ये बघायला.

फेन्या : लीसबेटला?

गेझीना : हो, लीसबेटला. मीपण असतेच घरी.