ठेवायला नेलेलं जातं

माझं माहेर साक्रीकडचं, डोंगरातलं, आणि दिलं मला इकडे नदीकाठी, म्हणजे तेव्हा नदी होती, आता तुम्हाला हे धरणाचं पाणी दिसतं ना, त्याच्या खाली आमचं गाव शे. बघा, शे म्हटलं, होतं म्हणायला पाहिजे, पण जीभ वळत नाही. हे असं शाळेतलं बोलणं मी इथे केंद्रात शिकले, पोरं येतात त्यांना समजलं पाहिजे म्हणून. घरी गेलं की आपली अहिराणी.

तर काय सांगू भाऊ तुम्हाला, पाणी चढायला लागलं तेव्हा आम्हाला वर सडकेला जागा दिली आणि पत्र्याची एक खोली. सगळं बिऱ्हाड त्यात कोंबलेलं. मग साहेब लोक आले, चांगली माणसं होती हो, खोटं कशाला बोलू, म्हणाले इथे अभयारण्य होतंय, पाखरं येतील, पोरांना शिकवायला निसर्ग परिचय केंद्र बांधतोय, त्यात बुडालेल्या गावांच्या जुन्या वस्तू मांडायच्या आहेत, तुमच्याकडे काय आहे. आमच्याकडे जातं होतं. माझ्या सासूच्या सासूचं, काळ्या दगडाचं, एकटीला हलायचं नाही. त्या खोलीत माणसालाच पाय पसरायला जागा नाही, तिथे जातं कुठे मांडू. ते म्हणाले, आम्ही नेतो केंद्रात ठेवायला.

आता ठेवायला म्हटल्यावर आम्हाला काय वाटलं असेल सांगा. आमच्याकडे गावाला जाताना शेजारणीकडे डबा ठेवायला देतात, शेळी ठेवायला देतात, ठेवायला दिलेली वस्तू परत येते, हे काय बोलून दाखवायचं असतं का. सासूने जात्याला हळदकुंकू लावलं, म्हणाली जाय माय, घर बांधाई गयं का तुले लई येसू, म्हणजे घर झालं की तुला घेऊन येऊ. वर गाडीवाल्याला दम भरला, पाऊस लागू देऊ नको म्हणून. तो बिचारा हो आजी, हो आजी करत राहिला.

घर झालं. माझे मालक विचारायला गेले, तर दिलेली वस्तू परत होत नाही, ते आता संग्रहालयाचं. झालं! पुढे इथे झाडलोटीला बाई पाहिजे असं कळलं तशी मीच लागले. लोक म्हणाले नोकरीला लागली, म्हटलं म्हणा बापांनो. मला त्याच्याजवळ राहायचं होतं.

पोरं येतात, अमळनेरची, धुळ्याची, बसमधून उतरता उतरता एवढा कालवा करतात की निम्मी पाखरं तिथेच उडून जातात. मग उरलेली दुर्बिणीतून बघायची, नंतर आत यायचं. आणि जात्यापाशी मीच म्हणते, हात लावू नका रे. मीच! आमच्या जुन्या गावातल्या बाया आल्या की बाहेर चपला काढतात, जात्याला हळदकुंकू लावून डोकं टेकतात, मग मला ओरडा बसतो आणि ते पुसायचं पण मीच. पण भाऊ, पुसताना त्याच्यावरून हात फिरतो ना, तेव्हा कानात घरघर यायला लागते. पहाटे सासू आणि मी समोरासमोर बसायचो, बोलायचं काही नाही, नुसती घरघर, आणि गरम पिठाचा वास. मला तो आवाज लागतो हो. माणसाची आठवण यावी तशी त्याची आठवण येते.

आणि कानबाईला तर फारच. श्रावणात कानबाई बसते, आमची खानदेशची देवी, तिचा रोट असतो, नैवेद्याची जाड पोळी. घरातल्या एकेकाच्या नावाने गहू घ्यायचे, भाऊबंद एका घरी जमवायचे, आपल्या जात्यावर दळायचं, आणि तो रोट घरच्यांनीच खायचा, परक्याला कणसुद्धा नाही. आता गिरणीत कुणाची ज्वारी, कुणाची मिरची, सगळं मागचं पुढच्यात. दरसाल सासू विचारणार, जातं उनं का वं, आलं का म्हणून. नाही म्हटलं की रोटाला नुसता हात जोडणार आणि केळ्यावर दिवस काढणार. मी चिडायची. म्हटलं अक्का, देवी तुमच्याएवढी हट्टी नसेल.

यंदा मी केंद्राच्या मॅडमना धरून बसले. नव्या आहेत, भुसावळच्या. म्हटलं जातं देऊ नका, राहू द्या इथेच, सासू थकली माझी, एकदा रोटापुरतं दळू द्या. त्या म्हणाल्या सोमवारी केंद्र बंद असतं, तेव्हा आणा त्यांना. माझे तर पाय जमिनीवर ठरेनात!

सासू ठेवणीतलं लुगडं नेसून रिक्षात बसली, गव्हाची पिशवी मांडीवर, कुणाला धरू देईना. डोळ्यांना अंधुक दिसतं, तरी बरोबर जात्यापाशी गेली, एक पाय लांब करून बसली, मूठभर गहू जात्याच्या तोंडात घातले आणि खुंटा ओढला. हलेना. मी हात लावला, हलेना. मॅडम पण पदर खोचून बसल्या, तिघींनी ओढला. मग मॅडमनी वाकून बघितलं. पोरांच्या अंगावर पडू नये म्हणून मांडणाऱ्यांनी दोन्ही दगड सिमेंटने जोडून टाकले होते, वरून काळा रंग. रोज पुसते मी, रोज, आणि कळलं नाही, कारण रिकामं जातं फिरवू नये म्हणतात, म्हणून मी कधी फिरवूनच पाहिलं नाही. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. त्यांचा काय दोष, त्या तेव्हा स्वतःच शाळेत असतील.

सासूने बोटाने एकेक गहू काढून पिशवीत टाकला. मग एवढंच म्हणाली, चाल वं, गिरणी बंद व्हई जाई.

रविवारी कानबाई बसली. गिरणीच्या पिठाचा रोट झाला, भाऊबंद जमले, नैवेद्य दाखवला. मी दरवर्षीसारखी तिच्यासाठी केळी वेगळी काढून ठेवली होती. तिने ती सरकवली, म्हणाली माले बी वाढ. दुधात कुस्करून सगळा रोट खाल्ला, वर कौतुक केलं, चांगला व्हयना. पोरं खूश, मालक खूश, जेवली म्हणे म्हातारी एकदाची. देवी त्यांना सुखात ठेवो, त्यांना काय कळणार. मी चुलीकडे तोंड करून रडले भाऊ. इतकी वर्षं तिला हट्टी म्हटलं, आणि त्या दिवशी मनात एकच, नको खाऊ गं माय, रुसून बस, नाही म्हण.