दोन वर्तुळांचं आमंत्रण

आमच्या वहिनींनी गणितातले संच कसे पक्के केले, ते सांगतो. दहावीनंतर सुटलेलं शिक्षण त्यांनी नेमकं मुलाच्या लग्नाच्या वर्षी पुन्हा धरलं. वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडता खुडता मोबाईलवर गणिताचे व्हिडिओ चालू. त्यात नवरा-नवरी दोघंही माकुणसारचीच, त्यामुळे निम्मं गाव दोन्हीकडचं नातेवाईक.

वहिनींनी ओटीवर खडूने एकमेकांत घुसलेली दोन वर्तुळं काढली. एक आमचं, एक व्याह्यांचं. मधल्या भागावर बोट ठेवून म्हणाल्या, "व्हिडिओतले सर सांगतात, सामाईक घटक एकदाच धरायचा. या मधल्यांना दोन्ही घरांचं मिलून एकच आमंत्रण."

मलाही पटलं. पण हळदीला मधल्यांपैकी एकही फिरकला नाही! मी शेजारच्या दामूकाकांना गाठलं, तर ते उसळलेच. "दोन घरांचं मिलून एक बोलावणं? मग मी कोनाचा पावना? कोनाचाच नाय!"

मी डोकं धरून बसलो. वहिनींनी मात्र अक्षतांची वाटी उचलली, विहीणबाईंना हाक मारली आणि दोघींनी त्या प्रत्येक घरी आपापलं वेगळं आमंत्रण दिलं.

लग्नाला झाडून सगळे आले. आचाऱ्याला माणसांचा अंदाज वहिनींनीच वर्तुळं बघून दिला होता. एरवी दोन्ही घरं तीच मधली माणसं आपापल्या यादीत धरतात आणि भात टोपंच्या टोपं उरतो. या वेळी जेवण बरोब्बर पुरलं.

मी विचारलं, "वहिनी, मग ते सर बरोबर की चूक?"

"सर बरोबरच हायत," पदर खोचत त्या म्हणाल्या. "मानूस मोजायचा एकदाच. बोलवायचा मातर दोनदा."