म्हातारीचं गाडीभाडं

दुबईत बसून मी अमेरिकेतल्या एका बाईचे पैसे सोडवले. हसू नका, आधी ऐका.

मुलाकडे दुबईतल्या अल मनखूल भागात गेलो होतो. नात सई घरूनच काम करते. अमेरिकेत ज्यांच्या जमिनीतून गॅस निघतो, त्यांना कंपनी त्यांचा हिस्सा बरोबर देते का, ते ती तपासते. त्या दिवशी एका म्हातारीच्या हिशेबापाशी अडली होती.

"आजोबा, हिचा निम्मा हिस्सा वाहतुकीत कापलाय. बॉस म्हणतो, ओके आहे, खलास."

मी विचारलं, "गॅस विकला कुठं?"

"विहिरीवरच. घेणाऱ्यानं तिथूनच नेला."

"मग वाहतूक म्हातारीच्या माथी का? बांधावर कांदा विकला, तर गाडीभाडं व्यापाऱ्याचं. मी जन्मभर एक रुपया कापू दिला नाही."

"ओ माय गॉड, आजोबा!" म्हणत सईनं तसंच बॉसला लिहून पाठवलं.

महिन्याभरात म्हातारीचे पैसे परत मिळाले. मी गावी निघायला बॅग काढली, तर सईनं माझा व्हिसाच वाढवून आणला.

म्हणाली, "अजून चाळीस म्हाताऱ्या बाकी आहेत, आजोबा. यल्ला, चला, बसा!"