कोटाचे शिवलेले खिसे

...आणि खिसे शिवलेले! अहो, कोट आहे की उशीचा अभ्रा? तुम्हाला सांगतो, नव्या कोटाचे खिसे दुकानातून येतानाच टाके घालून बंद असतात, घरी आणून उसवायचे, एवढं मलाही कळतं. पण नाही! ती इमेजवाली म्हणते, "उसवायचे नाहीत हं सर! तुम्ही काहीतरी कोंबाल, कोटाचा शेप जाईल, सगळी इमेज जाईल!" इमेज म्हणे, इमेज!

ही इमेजवाली म्हणजे माझ्या लेकीची मैत्रीण. मोठमोठ्या साहेबांना स्टेजवर काय घालायचं, कसं उभं राहायचं ते शिकवते. आणि मी? अख्खा जन्म व्याख्यानं देण्यात गेला माझा! पण गेलं वर्षभर एक बोलावणं नाही हो... फोन वाजला की मी आधी घसा साफ करायचो, आणि पलीकडे कोण? तर गॅसवाला! शेवटी एका कंपनीचं आमंत्रण आलं, तर लेक म्हणते, "बाबा, हे एक बिघडलं ना, तर पुन्हा कोणी विचारणार नाही. तो तपकिरी कोट घालून जायचं नाही, सांगून ठेवते!"

आता तो तपकिरी कोट... काय सांगू तुम्हाला! आमची ही होती तेव्हा व्याख्यानाच्या आदल्या दिवशी ती त्या कोटाला इस्त्री करायची आणि मी समोर उभा राहून सगळं भाषण म्हणून दाखवायचो. पाल्हाळ लावलं की इस्त्री भराभरा फिरायची. जमलं, की हात थांबायचा. बस्स, तेवढीच दाद! एकदा माझ्या आईबद्दल बोलत होतो, असा रंगलो, असा रंगलो, की हिची इस्त्री थांबली ती थांबलीच... धूर निघाला हो! कोटाच्या पाठीवर हा एवढा डाग! "अहो, तुम्ही पण ना! कशाला बोलता इतकं छान?" डोळे पुसत माझ्यावरच डाफरली. तो डाग मी वर्षानुवर्षं मिरवला, आणि इमेजवाली नाक मुरडून म्हणते, "ईऽऽ सर, हे काय जळकं?" इमेज म्हणे, इमेज!

तर घातला बाबा नवा कोट. स्टेजवर बसून कागदांवरनं शेवटची नजर फिरवत होतो, तेवढ्यात नाव पुकारलं. उठलो, सवयीनं वाचायचा चष्मा काढून खिशात सरकवला... खिसा कुठाय? चष्मा घसरला थेट खाली, मी टाकलं पुढचं पाऊल, आणि कर्रकन!

कागद पाहिला तर नुसत्या मुंग्या! पहिल्या रांगेतून लेकीशेजारची इमेजवाली कुजबुजतेय, "स्माइल, सर, स्माइल!" अहो कसलं स्माइल! शेवटचं बोलावणं पायाखाली चिरडून उभा होतो मी! मग काय, डोळे मिटले, समोर ही इस्त्री घेऊन उभी आहे असं धरलं आणि सुरू केलं. विषय होता 'प्रभावी संवाद'. मी आपला हिच्याबद्दलच बोलत सुटलो... ती इस्त्री, तो धूर, सगळं. फार आठवण आली हो. आणि खरं सांगू? बोलता बोलता वाटलं, तिचा हात थांबलाय.

डोळे उघडले तर टाळ्याच टाळ्या! लेक रडतेय, इमेजवाली म्हणतेय, "बघा सर, कोटानं कमाल केली!" म्हटलं, असो बाई. तेवढ्यात कंपनीचे मोठे साहेब आले, माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "सर, पुढच्या वर्षीही तुम्हीच!" मला तर भरूनच आलं. मग कानाशी वाकून म्हणतात कसे, "आणि ते सुरुवातीला चष्मा तुडवायचं तेवढं पुन्हा ठेवा हं. काय एन्ट्री होती!"

पुढच्या वेळी दोन चष्मे नेतोय. एक घालायला, एक तुडवायला!